अक्कांच्या डोक्यावरचं चुंबक

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. रावेरकडच्या एका गावात त्यांचं घर, गावाला लागूनच केळीच्या बागा. आम्ही नवराबायको धुळ्यात, देवपुरात राहतो. हे पाटबंधारे खात्यात आहेत आणि मी जवळच्याच एका शाळेत दुपारच्या सत्राला शिकवते. आमचं लग्न आमच्या मनानं झालेलं. जात वेगळी, बोलीही वेगळी. मी धुळ्याचीच, घरात अहिराणी बोलणारी. अक्कांनी मला घरात घेतलं, पण स्वयंपाकघरातल्या देवांना कधी हात लावू दिला नाही. सणाला गेलं की मला पाहुणीसारखं खुर्चीवर बसवायच्या आणि चहाचा कप हातात द्यायच्या. पहिल्या वर्षी माझ्या तोंडून 'आहे'च्या जागी अहिराणीतलं 'शे' निघालं, तेव्हा तो शब्द त्यांनी सगळ्या बायकांना म्हणून दाखवला होता. आमचं भांडण कधीच झालं नाही. एकमेकींशी बोलणंच तेवढं नव्हतं.

अक्कांना नागीण झाली तेव्हा आम्हाला कळलंसुद्धा उशिरा. डाव्या पाठीवरून वळून छातीखाली आलेला फोडांचा पट्टा. गावात एक जण नागीण उतरवतो, त्यानं गेरू लावला, काही पुटपुटला. चार दिवस तसेच गेले. मग भाऊंनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, त्यांना जळगावला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, फोड वाळले, खपल्या पडल्या, कातडीवर फिकट डाग राहिले. सगळ्यांना वाटलं, सुटल्या.

पण दुखणं गेलं नाही. फोड होते तेव्हा दुखत होतं त्यापेक्षा ते नंतर वाढलं. त्या जागेवर कापड टेकलं की अक्का कळवळायच्या. पंख्याचा वारा सोसायचा नाही. ब्लाउज घालणं सुटलं. भाऊंचा धुऊन धुऊन विरलेला सदरा घालायच्या आणि वरून घेतलेला पदर डाव्या हातानं अंगापासून लांब धरून घरात फिरायच्या. बाहेर पडणं जवळपास बंद झालं. गोळ्यांनी झोप यायची, पाय सुजायचे. एकदा गुंगीत बागेच्या बांधावरून घसरल्या. जळगावच्या एका डॉक्टरांनी पाठीत इंजेक्शन दिलं, त्यानं थोडे दिवस बरं वाटलं आणि पुन्हा सगळं तसंच. शेवटी त्याच डॉक्टरांनी सांगितलं, की मेंदूला बाहेरून चुंबकाचे ठोके देण्याचा एक उपचार असतो, शिरांच्या अशा दुखण्यात काही जणांना त्याचा गुण येतो, आणि त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे ते मशीन धुळ्यात आहे. मात्र रोज जावं लागेल, काही आठवडे.

भाऊंचा फोन आला तो माझ्या मोबाइलवर. एरवी ते यांच्याशीच बोलतात.

"बाई, तुझ्या जाऊले तुझ्याकडे ठुवावं लागन," ते म्हणाले. "तुले जमन का?"

मी म्हटलं, "जमेल, भाऊ. सकाळी मी मोकळीच असते. मीच घेऊन जाईन."

मग म्हणाले, "तिचा सोभाव तुले माहीत हाये."

मी म्हटलं, "हो."

दोन दिवसांनी अक्का आल्या. भाऊंच्या एका मित्राच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून, डाव्या हातानं वरचं हँडल धरून. सगळा रस्ता त्यांनी तो हात वरच ठेवला होता, कारण खाली घेतला की दंड बरगडीला लागायचा. उतरल्या तेव्हा हात खाली येईना. डिकीत केळीचा अख्खा घड होता. भाऊंनी तो ओट्यावर ठेवला, पाणी प्यायले आणि परत निघाले. अक्कांनी आमच्या बाहेरच्या खोलीत एकदा सगळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पंखा बंद कर."

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षानं निघालो. पांझरा नदीच्या पुलावर खड्डा आला की त्या दात आवळून घ्यायच्या. दवाखान्यासमोर रिक्षा थांबली. मी उतरले, पैसे दिले आणि मागे वळून पाहिलं, तर अक्का जागच्या हलल्या नव्हत्या. त्या पाटी वाचत होत्या. पाटीवर डॉक्टरीणबाईंचं नाव होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत 'मेंदू व मानसोपचार'.

"हा येड्यायचा दवाखाना हाये," त्या म्हणाल्या.

"अक्का, मशीन इथंच आहे. दुखण्यासाठीच आलोय आपण."

"मी येडी नई. मले खोटंनाटं दुखत नई."

"तसं कुणी म्हटलंय का?"

"बठे लोक तेच म्हंतात. तोंडावर नई म्हनत इतकंच." आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चाल दादा, मांघे ने."

मी पुन्हा रिक्षात बसले. घरी आल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून उजव्या कुशीवर निजल्या. मला राग आला होता. पण त्या पाठमोऱ्या निजल्या होत्या आणि सदऱ्यातून पाठीची हाडं दिसत होती. मागच्या दिवाळीत पाहिलेल्या अक्का अंगानं चांगल्या भरलेल्या होत्या.

शाळेत जाण्याआधी मी एकटीच परत दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंना झालं ते सांगितलं. त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "हे मशीन आम्ही नैराश्याच्या पेशंटसाठीही वापरतो, म्हणून ते इथं आहे. तुमच्या जाऊबाईंचं दुखणं खरं आहे. नागिणीनं शीर बिघडली आहे. कातडी बरी झाली तरी ती शीर मेंदूला आग आग असंच कळवत राहते. हाताची हालचाल चालवणारा मेंदूचा एक भाग असतो. तिथं ठोके दिले की काही लोकांचं असं दुखणं कमी होतं. सगळ्यांचं होत नाही. आणि कमी झालं तरी ते टिकवायला अधूनमधून यावं लागतं."

मी विचारलं, "शॉक देतात का?"

"नाही. शॉक वेगळा. यात भूल नाही, बेशुद्धी नाही. माणूस जागा असतो, बोलतो. फिट येण्याची शक्यता अगदी थोडी असते, म्हणून आधी सगळी चौकशी करतो."

मग त्यांनी मशीन दाखवलं. दातांच्या डॉक्टरांकडे असते तशी मोठी खुर्ची. शेजारी पेटी, तिला जाड केबल, आणि केबलच्या टोकाला दोन कडी शेजारी शेजारी चिकटवावीत तसं प्लॅस्टिकचं जड साधन. त्यांनी ते आधी स्वतःच्या हातावर धरून बटण दाबलं. टक आवाज झाला आणि त्यांची बोटं उडाली.

"माझ्या डोक्यावर एकदा लावा," मी म्हटलं. "घरी जाऊन काय सांगू मी?"

त्यांनी मला बरेच प्रश्न विचारले. कधी फिट आली होती का, डोक्यात काही धातू बसवला आहे का, पेसमेकर आहे का. कानातलं आणि केसांतल्या पिना काढायला लावल्या. मग ते जड साधन डोक्याला उजवीकडून टेकवलं. टक. टाळूवर कुणी टिचकी मारावी तसं वाटलं आणि माझा डावा अंगठा आपोआप हलला. मी हलवला नव्हता. मला जरा भीती वाटली आणि हसूही आलं.

संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी अक्कांना सांगितलं. त्या भिंतीकडे तोंड करूनच ऐकत होत्या. अंगठ्याचं सांगितलं तेव्हा वळल्या.

"तुह्या डोक्याले लावलं?"

"हो."

"तुले काय दुखत व्हतं?"

"काही नाही."

"मंग काहाले लावलं?"

"तुम्हाला खरं सांगता यावं म्हणून."

त्या उजव्या हातावर भार देऊन उठून बसल्या. मग म्हणाल्या, "चहा कर. साखर कमी टाक, तुझा चहा पाकासारखा असतो."

दुसऱ्या दिवशी पाटीकडे न बघता त्या आत गेल्या. पण पहिली अडचण कानातल्या कुड्यांची निघाली. लग्नात घातलेल्या कुड्या, मागची फिरकी हलेना. सिस्टरनं साबण लावला, तेल लावलं. शेवटी जवळच्या सोनाराकडे जाऊन फिरकी कापून घ्यावी लागली. परत आलो तर मंगळसूत्रही काढायला सांगितलं. अक्कांनी ते कधी गळ्यातून काढलं नव्हतं, नागिणीच्या दुखण्यातसुद्धा ते उजवीकडे सरकवून ठेवलेलं होतं. त्यांनी एकदा सिस्टरकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या स्टीलच्या ट्रेकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातानं मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं.

"ट्रेमधी नको. तू घाल," त्या म्हणाल्या.

मी ते माझ्या मंगळसूत्रावर घातलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. दाराआडून आवाज येत होता. टकटकटकटक असे भराभर ठोके, मग शांतता, मग पुन्हा ठोके. आलेले गेलेले माझ्या गळ्याकडे बघत होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"डोक्यावर सुतारपक्षी बसला व्हता," त्या म्हणाल्या. "हात मात्र खरंच उडते, बाई."

त्यानंतर आमचे दिवस ठरून गेले. सकाळी दवाखाना, अकराच्या सुमाराला घरी, मग माझा स्वयंपाक आणि शाळा. रविवारी सुट्टी. सिस्टर रोज विचारायची, दुखणं दहापैकी किती? अक्का रोज सांगायच्या, दहा. एकदा त्यांनी उलट विचारलं, "दहाच्या वर नई का काही तुमच्यात?" पहिला आठवडा असाच गेला. उलट ठोक्यांच्या जागी डोकं दुखायला लागलं. दुपारी मी नसताना घरात त्या एकट्याच, पंखा बंद, खिडकीला ओला टॉवेल. दारात उभं राहून शेजारणीनं विचारलं की काय झालंय, तर त्यांनी दारच लावून घेतलं.

गॅससमोर त्यांना उभं राहवत नसे. त्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि तिथून मला सांगायच्या. भरताची वांगी अजून भाजायला हवीत, मिरच्या तेलात आधी परतायला हव्यात, शेंगदाणे असे नाही कुटत. मला वैताग यायचा. पण भरीत त्यांनी सांगितलं तसं केलं तर चांगलं व्हायचं, हेही खरं. कधी कधी बोलता बोलता त्या मध्येच थांबायच्या, डोळे मिटून घ्यायच्या, कळ जाईपर्यंत. त्या वेळी मीही हात थांबवायची.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्या आंघोळ करून आल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. अंगात ब्लाउज होता. मागच्या हुकांचा, जुना, सैल.

"हुक लाव," त्या म्हणाल्या.

मी लावले. माझी बोटं त्या डागांना लागू नयेत म्हणून जपून लावले. त्या दिवशी सिस्टरनं विचारल्यावर अक्का जरा घुटमळल्या आणि हळूच म्हणाल्या, "सात." लगेच माझ्याकडे वळून, "घरी सांगू नको कोनाले. पुन्हा वाढलं तर?" आणि दुपारी घरी आल्यावर ब्लाउज काढून पुन्हा सदरा घातलाच. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हुक लावायला आल्या.

नेमकं त्याच आठवड्यात भाऊंचा फोन आला. त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या पुतणीचं, भडगावच्या एका घरी जुळत आलं होतं. मुलगी बी.एस्सी., मुलाचं खतांचं दुकान आणि शेती. बोलणी होत आली होती, आणि कुणीतरी मुलाकडच्यांच्या कानावर घातलं होतं की मुलीच्या आईला धुळ्यात वेड्यांच्या डॉक्टरकडे ठेवलं आहे, डोक्याला करंट देतात.

अक्कांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. भाऊ म्हणाले, "सध्या बंद कर. घरी ये. सुपारी फुटू दे, मंग पाहू."

"मधी बंद केलं तर गुण जाते म्हंतात," अक्का म्हणाल्या.

"पोरीचं पाहशीन का तुझं?"

अक्कांनी फोन ठेवला. मला वाटलं, आता पिशवी भरतील. मी म्हटलं, "अक्का, आपण डॉक्टरांशी बोलू. चार दिवस थांबता येईल का ते विचारू."

"नई," त्या म्हणाल्या. "तू त्या भडगाववाल्या बाईले फोन लाव. इथी बोलाव तिले. तुमची बोली एक हाये, तू बोल."

मी मुलाच्या आईला फोन केला. अहिराणीतच बोलले. बाई बिचारी गोंधळली, पण दोन दिवसांनी धुळ्याला तिचं काही काम होतं, येते म्हणाली. आली ती तिच्या भावजयीला घेऊन. मी पोहे केले. अक्का अंगात ब्लाउज घालून आणि पातळ नीट नेसून समोर बसल्या होत्या. डावा हात मात्र मांडीवर न ठेवता खुर्चीच्या हातावर उचलून ठेवलेला.

अक्कांनी इकडचं तिकडचं काही काढलं नाही. सरळ म्हणाल्या, "तुमाले कोनी सांगलं असन का मी येडी झाली. मी डोक्याचा इलाज करू राह्यली, हे खरं हाये." मग नागिणीपासून सगळं सांगितलं. सदरा, पंखा, बांधावरून पडणं, मशीन, अंगठा. एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. "पोरीले यातलं काही नई. पन उद्या तुमाले बाहेरून कयलं तर तुमी म्हनसान का लपवलं. म्हनून मीच सांगलं."

मुलाच्या आईनं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "मंग आते कमी शे का?"

"थोडं कमी शे," अक्का म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'शे' निघालं. समोरच्या बाईची बोली धरून त्या बोलल्या होत्या, थट्टेनं नाही.

बाईनं पोहे खाल्ले, अक्कांच्या तब्येतीची काळजी घ्यायला सांगितलं, निघताना मला कुंकू लावलं. मला वाटलं, जमलं. चारेक दिवसांनी त्यांचा निरोप आला, की पत्रिका नीट जुळत नाही. आधी दोनदा जुळलेली पत्रिका होती ती.

भाऊ अक्कांशी कित्येक दिवस बोलले नाहीत. यांनी मध्ये पडून पाहिलं, उपयोग झाला नाही. अक्का रडल्या नाहीत. बाकावर बसून आम्ही नंबराची वाट पाहत होतो तेव्हा मला एवढंच म्हणाल्या, "पोरगी काय म्हनते माहीत हाये? म्हने आई, बरं झालं. ज्या घरी दुखन्याची लाज वाटते तिथी मी दुखली खुपली तर काय करतीन?" मग सिस्टरनं नाव पुकारलं आणि मंगळसूत्र काढून माझ्या हातात देत त्या आत गेल्या.

ठरलेले सगळे ठोके त्यांनी पुरे केले. दुखणं गेलं नाही. डॉक्टरीणबाईंनीही ते जाईल असं कधी म्हटलं नव्हतं. पण पंखा एकवर चालायला लागला. गोळ्या निम्म्यावर आल्या, त्यामुळे गुंगी कमी झाली. उजव्या कुशीवर का होईना, सलग झोप लागायला लागली. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः गॅससमोर उभं राहून शेवभाजी केली. तिखट इतकी की यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. भाऊ न्यायला आले ते बाहेरच उभे राहिले, मग अक्का ब्लाउज घालून, पदर खांद्यावर टाकून दारात आल्या तेव्हा ते बघत राहिले. "बरं दिसते," एवढंच म्हणाले. तेवढ्यावर त्यांचा अबोला संपला.

उन्हाळ्यात आग पुन्हा वाढली. अक्का घाबरल्या, मला फोन करून म्हणाल्या, "गेलं बठं पान्यात." पुन्हा आल्या, पुन्हा काही दिवस ठोके घेतले, पुन्हा उतार पडला. आता त्या दर महिन्याला येतात, एसटीनं, दुखऱ्या अंगाला कुणाचा धक्का लागू नये म्हणून डाव्या हाताला खिडकी असेल अशी जागा धरून. एक रात्र राहतात. माझा चहा त्यांना अजूनही गोड लागतो. देवघराचा विषय आम्ही दोघींनीही कधी काढला नाही. मात्र मागच्या नवरात्रात मी गावी गेले होते, तेव्हा त्यांची पाठ दुखत होती म्हणून त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, "दिवा शांत होईन, तेल घाल." मी घातलं.

पुतणीचं लग्न पुढच्या वर्षी पाचोऱ्याला झालं. बोलण्यांच्या वेळी अक्कांनी त्यांनाही सगळं सांगितलं. तिथल्या सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, हे मशीन गुडघ्याला चालतं का? लग्नात अक्का पैठणीत होत्या. दुपारनंतर चेहरा उतरला, तेव्हा मी त्यांना आतल्या खोलीत नेलं, हुक सैल केले, अर्धा तास त्या पडून राहिल्या. पाठवणीला मात्र बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

या पावसाळ्यात त्यांच्या गल्लीतल्या एका म्हातारीला नागीण झाली आणि तिचंही दुखणं मागे राहिलं. अक्का तिला हट्टानं धुळ्याला घेऊन आल्या. आमच्याच घरी ठेवलं. पाटीसमोर ती थबकली, तर अक्का तिला म्हणाल्या, "चाल व माय, मी येडी दिसते का तुले?" रोज तिच्याबरोबर बसल्या, तिच्या पाटल्या स्वतःच्या हातात घालून. म्हातारीला काहीच फरक पडला नाही. पहिल्या दिवशी दहा, शेवटच्या दिवशीही दहा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं काही जणांचं, वाईट वाटतं.

अक्कांना ते फार लागलं. म्हातारीला आपण उगाच आस लावली असं त्यांना वाटत होतं. अक्का गावी परत गेल्यावर मी फोन केला तर त्या घरी नव्हत्या, पुतणीनं उचलला. ती माहेरी आली होती. म्हणाली, आई रोज दुपारी त्या आजीकडे जाते. मी विचारलं, जाऊन काय करते? ती म्हणाली, काही नाही, बसते तिच्याजवळ. आजी उघड्या अंगानं बसलेली असते, म्हणून आई दार लावून घेते आणि कुणाला आत येऊ देत नाही.